हातोड्याने ठोकलेली आणि यंत्राने पाडलेली: इंग्लंडची जुनी चांदीची नाणी कशी ओळखायची?

इंग्लंडचे दोन जुने शिलिंग शेजारी शेजारी ठेवलेत अशी कल्पना करा. एक पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या वर्षांतला आणि दुसरा १६९६ सालचा, तिसऱ्या विल्यम राजाचा. दोघांचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास. चांदीचा कसही तोच, हजारात ९२५. तरीही ते एकाच टांकसाळीतून निघाले असतील यावर विश्वास बसत नाही. एलिझाबेथचा शिलिंग पातळ, पसरट आणि थोडा वाकडातिकडा आहे. राणीच्या नावातली एकदोन अक्षरं कडेबाहेर गेली आहेत. विल्यमचा शिलिंग आकाराने लहान पण जाड, कंपासने काढल्यासारखा गोल आणि त्याच्या कडेवर बारीक रेघा आहेत.

जुनी इंग्लिश नाणी जमवणारे पहिल्या प्रकाराला 'हॅमर्ड' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मिल्ड'. कॅटलॉग असो की लिलावाची यादी, सगळी मांडणी याच दोन भागांत होते. नवशिका माणूस आधी राजाचा चेहरा बघतो, मुरलेला संग्राहक आधी कड बघतो. असं का, हे समजलं की या छंदातली निम्मी गंमत कळते.

हातोडा, दोन ठसे आणि एक चकती

हॅमर्ड नाणं पाडायची रीत अगदी साधी होती. चांदीचा पत्रा ठोकून त्यातून गोल चकत्या कातरायच्या. एक लोखंडी ठसा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट रोवलेला असे. त्यावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. घाव नीट बसला तर नाणं चांगलं उठायचं, हात हलला तर चित्र एका बाजूला सरकायचं किंवा दुहेरी उमटायचं. म्हणून दोन हॅमर्ड नाणी तंतोतंत सारखी कधीच नसतात. जगभर सगळीकडे हेच चालायचं. मुघलांचा रुपया आणि शिवाजी महाराजांची शिवराई हीसुद्धा हातोड्याचीच नाणी. शिवराईवर 'छत्रपती' ही अक्षरं पूर्ण दिसली तर आपल्याकडचा संग्राहक जसा खूश होतो, तसाच तिकडचा माणूस राजाचं नाव कडेच्या आत पूर्ण बसलेलं दिसलं की खूश होतो.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट सुरू होते चांदीच्या पेनीपासून. आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याच्या काळात ही पेनी रूढ झाली आणि पुढची सुमारे पाचशे वर्षं इंग्लंडमध्ये व्यवहाराचं मुख्य नाणं तीच होती. २४० पेनी म्हणजे एक पौंड, बारा पेनी म्हणजे एक शिलिंग. शिलिंग मात्र कितीतरी शतकं फक्त हिशेबात होता. तो नाणं म्हणून पडला सातव्या हेन्रीच्या काळात, १५०० च्या आसपास.

या पेनीच्या मागच्या बाजूला नाणं पाडणाऱ्या कारागिराचं आणि त्याच्या गावाचं नाव असायचं. ही सजावट नव्हती, ती जबाबदारी होती. नाणं हिणकस निघालं तर कुणाला धरायचं हे त्यावरच लिहिलेलं असे. ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीने राज्यातल्या या कारागिरांना विंचेस्टरला बोलावून घेतलं. नाणी खोटी केल्याचा ठपका ठेवून त्यांचे उजवे हात तोडले आणि त्यांना नपुंसक केलं. तिथल्या इतिवृत्तात याची नोंद आहे आणि नोंद करणाऱ्याला शिक्षा योग्यच वाटलेली दिसते, इतकी लोकं वाईट नाण्यांना कंटाळली होती.

आज काही संग्राहक फक्त एका गावाची नाणी जमवतात. स्वतःच्या किंवा आजोळच्या गावात नवव्या शतकापासून कुणी कुणी पेनी ठोकली, याची मालिका लावत बसतात. यातली एक विचित्र बाब म्हणजे राजा एथलरेडच्या पेनी इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडल्या आहेत. व्हायकिंगांनी हल्ले थांबवावेत म्हणून त्यांना खंडणी दिली जायची, ती ही चांदी.

कातरलेली चांदी

त्या काळी नाण्याची किंमत त्यातल्या चांदीएवढी असायची. त्यामुळे नाण्याची कड कात्रीने जराशी छाटली आणि नाणं पुढे पूर्ण किमतीत खपवलं, तर छाटलेली चांदी फुकट पदरात. अशा शंभर नाण्यांच्या कडा वितळवल्या की छोटी लगड तयार. हातोड्याच्या नाण्याची कड मुळातच वेडीवाकडी असल्याने कुणी किती कापली हे कळायला मार्ग नव्हता.

त्यात सरकारमान्य कापाकापीही होती. सुट्या पैशांसाठी लोक पेनीचे दोन किंवा चार तुकडे करत. मागच्या बाजूचा क्रूस त्यासाठी रेघेसारखा उपयोगी पडे. पाव पेनीला 'फार्दिंग' म्हणत, म्हणजे चौथा हिस्सा. आपल्या 'पावली'सारखाच हा शब्द. ११८० सालच्या पेनीवरचा क्रूस लहान होता. १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने तो थेट कडेपर्यंत लांबवला. क्रूसाची चारही टोकं दिसत नसतील तर नाणं कातरलेलं आहे असं समजायचं, हा हेतू. कातरणाऱ्यांचे हात त्यानेही थांबले नाहीत.

मग दोष कुणावर तरी ढकलणं सोपं होतं. १२७८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या एडवर्डने नाणी कातरल्याच्या आरोपावरून देशभरातल्या ज्यूंना एकाच वेळी पकडलं. दोनशेहून अधिक ज्यू फासावर चढले. त्याच आरोपात सापडलेले बहुतेक ख्रिश्चन दंड भरून सुटले. पुढच्याच वर्षी, १२७९ मध्ये, एडवर्डने नवी सुबक पेनी काढली. सोबत अर्धी आणि पाव पेनीची गोल नाणी आली आणि तुकडे करण्याची गरज संपली. या एडवर्डच्या पेनी आजही भरपूर मिळतात आणि हॅमर्ड नाण्यांचा संग्रह सुरू करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा पहिली हीच येते. तिच्यावरचा कुरळ्या केसांचा, समोर बघणारा हसरा चेहरा गोड आहे. ती पेनी ज्या सालात आली त्याची पार्श्वभूमी मात्र ही आहे.

लोकांनीच फसवलं असंही नाही, राजेही मागे नव्हते. आठव्या हेन्रीने १५४४ पासून चांदीत तांबं इतकं मिसळलं की काही वर्षांत नाण्यात चांदीपेक्षा तांबंच जास्त झालं. नाण्यावर त्याचा चेहरा समोरून होता. नाणं झिजलं की सगळ्यात उंच भाग, म्हणजे नाक, आधी घासलं जायचं आणि चांदीच्या मुलाम्याखालचं तांबं दिसायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'तांबड्या नाकाचा म्हातारा'. ही हिणकस नाणी गोळा करून पुन्हा चांगली चांदी चलनात आणण्याचं काम १५६० आणि १५६१ मध्ये एलिझाबेथने केलं. १५६१ पासून तिच्या सहा पेनींच्या नाण्यावर, म्हणजे सिक्सपेन्सवर, साल छापलेलं असतं आणि राणीच्या डोक्यामागे गुलाब असतो. सालावार मालिका लावण्याची आवड असणाऱ्यांसाठी हे उत्तम नाणं आहे.

घोड्यांनी फिरवलेलं यंत्र

'मिल्ड' म्हणजे कडेवर रेघा असलेलं नाणं, हा समज सर्रास आढळतो. पण शब्द आला आहे 'मिल' वरून, म्हणजे घोड्यांच्या ताकदीने फिरणाऱ्या चक्कीवरून. रुळांतून पत्रा एकसारख्या जाडीचा काढायचा, चकत्या यंत्राने कापायच्या आणि स्क्रू प्रेसने दाबून दोन्ही बाजू उमटवायच्या. कडेवर रेघा नसलेलं नाणंही मिल्ड असू शकतं. एलिझाबेथच्या काळातली मिल्ड नाणी तशीच आहेत.

हो, तिच्याच काळात. एलॉय मेस्ट्रेल नावाच्या फ्रेंच माणसाने १५६१ पासून दहाएक वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये यंत्रावर नाणी पाडली. दिसायला ती इतकी देखणी आहेत की शेजारची हातोड्याची नाणी गावठी वाटतात. पण यंत्राचा वेग कमी होता आणि हातोडेवाल्या कारागिरांना आपल्या पोटावर पाय येतोय हे दिसत होतं. मेस्ट्रेलला काढून टाकलं. त्याने मग खोटी नाणी पाडली असा आरोप झाला आणि १५७८ मध्ये नॉर्विचला त्याला फाशी दिली. इंग्लंडला यंत्राची नाणी दाखवणाऱ्या माणसाचा शेवट असा झाला.

त्यानंतरही हातोडा आणखी ऐंशीएक वर्षं चालला. त्याच्या शेवटच्या पर्वातली नाणी काही संग्राहकांना सगळ्यांत प्रिय आहेत, कारण यादवी युद्धात टांकसाळी राजाच्या हातून निसटल्या आणि नाणी मिळेल तिथे पडू लागली. पहिल्या चार्ल्सच्या बाजूचं न्यूअर्क शहर १६४५-४६ मध्ये वेढ्यात अडकलं, तेव्हा सैनिकांच्या पगारासाठी श्रीमंतांची चांदीची ताटं-भांडी कापून शंकरपाळ्याच्या आकाराची नाणी केली. काहींवर मूळ भांड्याच्या खुणा आजही दिसतात. राजाचा शिरच्छेद झाल्यावर आलेल्या प्रजासत्ताकाने नाण्यांवरून राजाचा चेहरा काढला आणि लॅटिनऐवजी चक्क इंग्रजीत मजकूर छापला. मागच्या बाजूला जोडून काढलेल्या दोन ढाली विजारीसारख्या दिसतात, म्हणून लोक त्यांना 'विजारीचे पैसे' म्हणत.

१६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या काळात हातोडा कायमचा खाली ठेवला गेला. पिएर ब्लाँडो या फ्रेंच तंत्रज्ञाने नाण्याच्या कडेवर अक्षरं उमटवण्याची पद्धत आणली आणि ती गुप्त ठेवली. क्राउन या मोठ्या नाण्याच्या कडेवर लॅटिनमध्ये शब्द आले, 'डेकस एट टुटामेन', म्हणजे शोभाही आणि संरक्षणही. लहान नाण्यांना रेघा मिळाल्या. आता कड कापली की लगेच उघड. हेच शब्द पुढे १९८३ च्या एक पौंडाच्या नाण्याच्या कडेवरही आले.

याच चार्ल्सला लग्नात मुंबई मिळाली होती. १६७६ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत नाणी पाडण्याची सनद दिली आणि १६७० च्या दशकातल्या काही रुपयांवर फारसी नाही तर इंग्रजी अक्षरांत 'बॉम्बेइम'चा रुपया असं लिहिलेलं दिसतं. हे रुपये फार दुर्मीळ आहेत.

१६९६: न्यूटन टांकसाळीत

चांगलं नाणं आलं म्हणून वाईट नाणं गेलं नाही, झालं उलटंच. जुनी कातरलेली नाणी चलनात कायम होती आणि कायद्याने दोघांची किंमत एकच. मग पूर्ण वजनाचा नवा शिलिंग कोण खर्च करणार? लोकांनी नवी नाणी दडवली, वितळवली, परदेशी पाठवली. १६९० च्या दशकापर्यंत बाजारात फिरणाऱ्या चांदीच्या नाण्यांचं वजन जवळपास अर्ध्यावर आलं होतं. दुकानदार नाणी मोजून घेईनात, तोलून घेऊ लागले आणि सौद्याआधी पैशांवरूनच भांडणं होऊ लागली.

१६९६ मध्ये सरकारने सगळी हॅमर्ड चांदी परत घेऊन वितळवायचं ठरवलं. खर्च भागवायला घरांच्या खिडक्यांवर कर बसवला, तो १८५१ पर्यंत टिकला. त्याच वर्षी टांकसाळीचा वॉर्डन म्हणून आयझॅक न्यूटन आले. ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. चेस्टरच्या टांकसाळीत काही काळ एडमंड हॅली होते, धूमकेतूवाले. खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडणं हेही वॉर्डनचं काम होतं आणि न्यूटन यांनी ते मनापासून केलं. कैद्यांचे, खबऱ्यांचे जबाब स्वतः घेतले. विल्यम चॅलोनर हा त्यांनी पकडलेला सगळ्यात नामचीन आरोपी १६९९ मध्ये फासावर गेला. हा गुन्हा राजद्रोह मानला जाई. पुरुषांना फाशी होई, स्त्रियांना जाळत.

या नाणेबदलात गरीब मात्र भरडले गेले. कातरलेलं नाणं कर भरताना काही काळ पूर्ण किमतीत चालत होतं, पण ज्याच्याकडे कर भरण्याइतकी मिळकतच नव्हती त्याला ते बट्टा देऊन विकावं लागलं. बट्टा म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको, आपल्या सराफांनीही झिजल्या रुपयांवर तो पिढ्यान् पिढ्या कापला आहे.

संग्राहकांना १६९६ आणि १६९७ ची नाणी सोयीची पडतात. ती प्रचंड संख्येने पडली, त्यामुळे झिजलेल्या अवस्थेत स्वस्तात मिळतात. राजाच्या चित्राखाली गावाचं आद्याक्षर शोधून पाच गावांचा संच लावता येतो. यातले बरेच सिक्सपेन्स दोन ठिकाणी मुद्दाम वाकवलेले असतात. ते प्रेमाची खूण म्हणून दिले जात. किंमत कमी होते खरी, पण काही जण शोधून शोधून हीच घेतात.

अठराव्या शतकातल्या मिल्ड नाण्यांवर चांदी कुठून आली तेही लिहिलेलं असतं. ॲन राणीच्या नाण्यांवर 'व्हिगो', म्हणजे १७०२ च्या व्हिगोच्या लढाईत स्पॅनिश ताफ्याकडून लुटलेली चांदी. १७४५-४६ च्या नाण्यांवर 'लिमा', तीही जहाजांवरची लूट. लूट लपवायची सोडून ती राजाच्या गळ्याखाली छापण्याची ही रीत अजब आहे. पुढे १८१६ मध्ये नाण्यांचं वजन घटवलं, १९२० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रोजच्या नाण्यांतून ती गेलीच. ईस्टरआधीच्या गुरुवारी राजा जी मॉन्डी नाणी वाटतो, ती अजून चांदीची असतात.

विकत घेताना

पहिलं साधन म्हणजे डिजिटल वजनकाटा. नाण्याचं मूळ वजन किती असायला हवं ते स्पिंक या लंडनच्या जुन्या संस्थेच्या वार्षिक कॅटलॉगमध्ये मिळतं. हॅमर्ड नाण्याचं वजन थोडं कमी असणं चालतं, मिल्डचं फार कमी असेल तर ते झिजलेलं तरी आहे नाहीतर बनावट. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे भिंगातून दिसतात. दागिन्यात अडकवण्यासाठी पाडलेलं भोक नंतर बुजवलेलं असतं, तेही कडेजवळच शोधायचं.

आणि नाणं घासायचं नाही. आपल्याकडे देवघरातली चांदी दंतमंजनाने चकचकीत करतात, तसं जुन्या नाण्याचं केलं की त्याच्या पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे उठतात आणि किंमत झटक्यात पडते. शतकानुशतकं चढलेली काळपट झाक खोटी आणणं कठीण असतं, म्हणून जाणकार तिलाच पैसे मोजतात.

आता कायदा. भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. परदेशातून आणलेलं जुनं नाणं पुन्हा बाहेर विकायला पाठवण्याआधी हे माहीत हवं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे एकाच ठिकाणी तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी सापडली तर ती १४ दिवसांत कळवावी लागतात. संग्रहालयाने ती घेतली तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला मिळतो.

हा नियम किती महत्त्वाचा आहे, ते २०१५ साली दिसलं. त्या वर्षी मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना एकाच काळातले दोन साठे सापडले, दोन्ही नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या वेळचे. ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनचा सुमारे दोनशे नाण्यांचा साठा रीतसर कळवला गेला. ॲशमोलियन संग्रहालयाने २०१७ मध्ये तो १३.५ लाख पौंडांना घेतला आणि आज तो कुणालाही बघता येतो. त्यातल्या पेनींवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ आपापल्या नावाने एकाच छापाची नाणी काढत होते, मागच्या बाजूला शेजारी बसलेले दोन सम्राट. नंतरच्या इतिवृत्ताने चेओलवुल्फला व्हायकिंगांच्या तालावर नाचणारा मूर्ख ठरवलं होतं. नाणी सांगतात की तो आल्फ्रेडचा भागीदार होता.

दुसरा साठा हेरफर्डशरमध्ये लेम्स्टरजवळ सापडला. तो कळवला गेला नाही, परस्पर विकायला काढला. पोलिसांनी मोबाइलमधून पुसलेले फोटो परत मिळवले, तेव्हा ढिगाचा आकार कळला. तज्ज्ञांच्या अंदाजाने सुमारे तीनशे नाणी असावीत. २०१९ मध्ये शोधणाऱ्यांना तुरुंगवास झाला, पण त्या खटल्यात हाती लागली होती जेमतेम तीसेक. बाकीच्यांपैकी बरीचशी विकली गेली, लपवली गेली की अजून कुठे पुरलेली आहेत, याचा पत्ता लागलेला नाही. म्हणून या काळातली पेनी आधीच्या मालकांच्या कागदांशिवाय विक्रीला आली, की जाणते विक्रेते आधी विचारतात, ही २०१५ च्या आधी कुणाकडे होती?